स्क्रीनिंग कोलोनोस्कोपीने मोठ्या आतड्याचा कॅन्सर खरंच कमी होतो का? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घोडबंदर रोडच्या किंवा खारघरच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्या-दोन महिन्यांनी एक पोस्टर फिरतंच, ५० च्या पुढच्यांसाठी फुल बॉडी पॅकेज, त्यात एंडोस्कोपी कोलोनोस्कोपी डिस्काउंटमध्ये. आणि त्याच ग्रुपवर दोन दिवसांनी कुणीतरी टाकतं की अहो परदेशात सिद्ध झालंय, कोलोनोस्कोपीचा काही उपयोग नाही. दोन्ही वाचून माणूस गोंधळतो. मी डॉक्टर नाही, ठाण्यात कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो, त्यामुळे लोक मला आकड्यांचे प्रश्न विचारतात आणि तेच इथे एकत्र लिहून काढलेत. औषध, गोळी, तुमचा रिपोर्ट यासाठी तुमचे डॉक्टर आहेतच.

स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी म्हणजे नक्की काय? माझ्या मिस्टरांची झालीय, ती स्क्रीनिंग होती का?

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून पूर्ण मोठं आतडं आतून बघणं. काहीही त्रास नसताना, फक्त वय झालं म्हणून केलेली तपासणी म्हणजे स्क्रीनिंग. संडासातून रक्त जात होतं म्हणून, वजन उतरलं म्हणून, हिमोग्लोबिन ८ वर आलं म्हणून केली असेल तर ती स्क्रीनिंग नव्हे, ते निदान. खाली फायद्याचे जे आकडे आहेत ते मुख्यतः त्रास नसलेल्या लोकांचे आहेत. हा फरक पक्का धरून ठेवा, कारण ग्रुपवरची निम्मी भांडणं तो न कळल्यामुळे होतात.

कोलोनोस्कोपीने कॅन्सर सापडतो की टळतो?

दोन्ही. मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेल्या पॉलिपपासून म्हणजे छोट्या गाठीपासून सुरू होतात, त्यातही अॅडिनोमा नावाच्या प्रकारापासून, आणि अॅडिनोमाचा कॅन्सर व्हायला साधारण १० वर्षं किंवा जास्तच लागतात. बरेचसे पॉलिप तर जन्मभर तसेच राहतात, काही करत नाहीत. पण कुठला बिघडणार आणि कुठला नाही हे आधी सांगता येत नाही, म्हणून दिसला की तारेच्या फासाने तिथल्या तिथे काढून टाकतात. स्तनांच्या मॅमोग्राफीत आधीच झालेला कॅन्सर लवकर सापडतो, इथे मात्र कॅन्सर व्हायच्या आधीची पायरीच काढली जाते, म्हणून हिच्याकडून लोकांना इतकी आशा.

आता गंमत अशी की एखाद्या गावात आज हजार लोकांची कोलोनोस्कोपी केली तर पुढची काही वर्षं त्या गावात कॅन्सरचे आकडे कमी न होता उलट वाढलेले दिसतील! कारण जे कॅन्सर आत गुपचूप होते ते एकदम सापडले. कमी व्हायला सुरुवात होते ती नंतर, काढलेले पॉलिप ज्या वर्षी कॅन्सर झाले असते ती वर्षं आली की. म्हणून पाच वर्षांचा हिशोब बघून या तपासणीबद्दल मत बनवूच नये, १०, १५, २० वर्षं लागतात.

२०२२ मध्ये बातमी होती की कोलोनोस्कोपी फेल गेली. खरं काय?

ती नॉर्डिक नावाच्या मोठ्या ट्रायलची बातमी. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडन इथल्या ५५ ते ६४ वयाच्या ८४,५८५ लोकांचा हिशोब होता. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, २८,२२० लोकांना पत्र गेलं की या, कोलोनोस्कोपी करून घ्या, आणि बाकी ५६,३६५ जणांना काहीच कळवलं नाही. मग साधारण १० वर्षं कुणाला कॅन्सर झाला, कोण गेलं, याची नोंद ठेवली. पत्र गेलेल्या गटात कॅन्सरचं प्रमाण ०.९८ टक्के, दुसऱ्या गटात १.२० टक्के. म्हणजे १८ टक्के घट. आतड्याच्या कॅन्सरने मृत्यू ०.२८ विरुद्ध ०.३१ टक्के, हा फरक इतका बारीक की तो योगायोगानेही येऊ शकतो. बातमीवाल्यांनी एवढंच उचललं.

पण पत्र मिळालेल्यांपैकी गेले किती? फक्त ४२ टक्के. बाकी ५८ टक्के लोक घरीच बसले आणि तरीही हिशोबात 'पत्र गेलेला गट' म्हणून धरले गेले. यात ट्रायलवाल्यांची काही चूक नाही हां, असंच मोजायचं असतं, कारण त्यांना विचारायचं होतं की देशाने लोकांना बोलवायचं ठरवलं तर देशाला काय मिळेल. तुमचा प्रश्न वेगळा आहे, मी जाऊन करून घेतली तर मला काय मिळेल. दोन प्रश्न, दोन उत्तरं.

मग जे खरंच गेले त्यांचं काय झालं?

त्याच ट्रायलमध्ये त्यांनी दुसरा हिशोबही मांडला, सगळे गेले असते तर काय झालं असतं असा. त्यात कॅन्सर १.२२ वरून ०.८४ टक्के, म्हणजे ३१ टक्के घट, आणि मृत्यू ०.३० वरून ०.१५, म्हणजे अर्धे. छान आकडा आहे, पण थोडा सावधपणे घ्या. जे लोक पत्र आल्यावर उठून हॉस्पिटलात जातात ते मुळातच तब्येतीला जपणारे असतात, सिगरेट कमी, चालणं जास्त, डॉक्टरकडे वेळेवर. आकडेमोडीत हा फरक काढायचा प्रयत्न केलेला असतो, तो पूर्ण निघाला याची खात्री कुणी देऊ शकत नाही. खरं उत्तर १८ आणि ३१ च्या मधे कुठेतरी किंवा ३१ च्या जवळपास असेल असं माझं मत, मत म्हणूनच घ्या.

आधी तर ७५-९० टक्के फायदा म्हणायचे ना?

हो, आणि तिथेच अपेक्षा फुगल्या. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल पॉलिप स्टडीचा रिपोर्ट आला, अॅडिनोमा काढलेल्या लोकांमध्ये कॅन्सर ७६ ते ९० टक्के कमी. पण तुलना कुणाशी? चिठ्ठ्या टाकून केलेला दुसरा गट तिथे नव्हताच, जुन्या वेगळ्या लोकांच्या आकड्यांशी तुलना होती. त्याच अभ्यासाच्या लोकांचं २०१२ मध्ये पुन्हा बघितलं तेव्हा मृत्यू ५३ टक्के कमी दिसले, तीही सर्वसाधारण जनतेशी केलेली तुलना. शिवाय २००० मध्ये केटी कूरिक या टीव्हीवालीने अमेरिकेत चालू कार्यक्रमात स्वतःची कोलोनोस्कोपी दाखवली, तिचा नवरा ४२ व्या वर्षी या कॅन्सरने गेला होता, आणि त्यानंतर तिथे रांगा लागल्या. २००१ पासून तिथल्या सरकारी मेडिकेअर विम्यात साध्या जोखमीच्या लोकांनाही ती मिळायला लागली. म्हणजे पक्का पुरावा यायच्या वीस वर्षं आधीच अमेरिका कामाला लागली होती.

तिथे कॅन्सर कमी झाला हे खरंच आहे. पण तिथला आकडा १९८० च्या दशकाच्या मध्यापासूनच उतरायला लागला होता, तेव्हा स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी कुणी करत नव्हतं. त्यामुळे सगळं श्रेय हिला देणं म्हणजे पाऊस पडल्यावर छत्रीवाल्याचं अभिनंदन करण्यासारखं. काही श्रेय नक्कीच आहे, सगळं नाही.

एकदा केली की असर किती वर्षं टिकतो?

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात चांगलं आहे आणि नेमकं हेच बातमीत येत नाही. पोलंडमध्ये ज्यांची स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी क्लीन आली अशा १,६५,८८७ लोकांवर १७ वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं, त्यांच्यात इतर जनतेपेक्षा कॅन्सर ७२ टक्के कमी आणि त्याने होणारे मृत्यू ८१ टक्के कमी. अर्थात हे क्लीन आलेले लोक, त्यांना धोका कमीच असणार, तरी इतकी वर्षं तो कमीच राहिला हे महत्त्वाचं.

चिठ्ठीवाल्या ट्रायलचा पुरावा हवा असेल तर इंग्लंडची सिग्मॉइडोस्कोपी ट्रायल बघा. सिग्मॉइडोस्कोपी म्हणजे छोटी दुर्बीण, आतड्याचा फक्त शेवटचा भाग दिसतो. ५५ ते ६४ वयात एकदाच, फक्त एकदाच केली, आणि १७ वर्षांनी बघितलं तर बोलावलेल्या गटात कॅन्सर २६ टक्के आणि मृत्यू ३० टक्के कमी. २१ वर्षांनंतरही फायदा टिकून होता. म्हणूनच क्लीन कोलोनोस्कोपीनंतर पुन्हा १० वर्षांनी या असं सांगतात, आणि स्वीडनच्या २०२४ च्या एका अभ्यासात तर घरात कुणाला हा कॅन्सर नसेल तर १५ वर्षंही चालतील असं निघालं. दरवर्षीच्या पॅकेजात कोलोनोस्कोपी कोंबणाऱ्यांना हे दाखवा.

आतड्याच्या सगळ्या भागांत सारखाच फायदा होतो का?

नाही. डाव्या बाजूला जास्त, उजव्या बाजूला कमी. उजवीकडचे पॉलिप बऱ्याचदा चपटे असतात, पटकन दिसत नाहीत, आणि पोट नीट साफ नसेल तर तिथेच सगळी घाण साठलेली असते.

१८ टक्के, ३१ टक्के... मला एकट्याला किती?

हजार माणसांत बघू. नॉर्वे-पोलंडच्या हजार माणसांत १० वर्षांत साधारण १२ जणांना हा कॅन्सर झाला असता, पत्र पाठवल्यावर १० जणांना झाला. म्हणजे ४५५ लोकांना पत्र गेलं तेव्हा एक कॅन्सर टळला. आणि कुठल्याही कारणाने झालेले एकूण मृत्यू? ११.०३ आणि ११.०४ टक्के. म्हणजे सारखेच. यात घाबरण्यासारखं काही नाही, शंभरातले ११ जण १० वर्षांत जातात त्यात आतड्याच्या कॅन्सरचा वाटाच इतका छोटा की त्यात कपात झाली तरी एकूण आकडा हलत नाही. पण 'कोलोनोस्कोपी करा, आयुष्य वाढवा' असं पोस्टरवर लिहिणाऱ्याने हा आकडा बघितलेला नसतो एवढं नक्की.

आता आपल्याकडचं. भारतात वर्षाला साधारण ७० हजार नवीन पेशंट, ऐकायला मोठा आकडा, पण १४० कोटी लोकांत. वयाचा फरक धरूनही आपल्याकडचं प्रमाण नॉर्वेसारख्या देशांपेक्षा कित्येक पटींनी कमी आहे. टक्क्यातली घट तीच धरली तरी मुळातला धोका कमी, म्हणून एक कॅन्सर टाळायला इथे कितीतरी जास्त लोकांच्या कोलोनोस्कोपी कराव्या लागतील. आणि तपासणीचे धोके मात्र तेवढेच राहणार, ते देश बघून कमी होत नाहीत.

म्हणूनच आपलं सरकार करत नाही का?

सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात ३० च्या पुढच्या लोकांसाठी तीन कॅन्सरचं स्क्रीनिंग आहे, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख. आतड्याचा त्यात नाही. आपल्याकडे तंबाखूने होणारा तोंडाचा कॅन्सर बघता तो क्रम बरोबरच वाटतो मला. घरात कुणी मशेरी लावत असेल, गुटखा खात असेल तर कोलोनोस्कोपीच्या पॅकेजआधी त्याचं तोंड दाखवून आणा.

पण हल्ली तरुणांना होतोय म्हणतात. अमेरिकेत वय ४५ केलं ना?

केलं, २०२१ मध्ये, कारण तिथे ५० च्या आतल्यांमध्ये प्रमाण खरंच वाढतंय. आपल्याकडे परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने २०१७ मध्ये ८०० पेशंटचा हिशोब छापला होता, त्यात सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं. पाश्चात्य देशांत हेच वय साठीच्या पुढे असतं. लगेच 'भारतात लवकर होतो' असा निष्कर्ष काढला जातो, पण जरा थांबा. आपला देशच तरुण आहे, इथे सत्तरीचे लोक मुळात कमी, शिवाय दूरच्या गावाहून परळपर्यंत येणारा पेशंट बहुधा कमावता तरुण असतो, ऐंशीच्या आजोबांना कुणी आणत नाही. त्यामुळे सरासरी वय कमी दिसणारच. मात्र तरुणाला होतच नाही असं समजून लक्षणं अंगावर काढणं हे याहून वाईट, आणि पुढचा प्रश्न त्याचाच आहे.

रक्त जातं अधूनमधून, पण ती मूळव्याध आहे. कोलोनोस्कोपी लागेल का?

मूळव्याध आहे हे कुणी सांगितलं? तपासून डॉक्टरांनी की स्टेशनबाहेरच्या 'बिना ऑपरेशन मूळव्याध भगंदर' बोर्डाने? बहुतेक वेळा मूळव्याधच असते, खरं आहे. पण आपल्याकडे हा कॅन्सर बऱ्याचदा खाली रेक्टममध्येच म्हणजे गुदाशयात असतो आणि रक्त दोन्हींत सारखंच दिसतं, लेप लावत सहा महिने निघून जातात. रक्त, संडासची सवय काही आठवडे बदललेली, वजन आपोआप उतरणं, पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी होऊन हिमोग्लोबिन पडणं, यातलं काही असेल तर वर लिहिलेले टक्के, ४५५ वगैरे, तुम्हाला लागूच नाहीत. वय ३२ असो की ६२. सर्जनला किंवा गॅस्ट्रोच्या डॉक्टरला दाखवा, बोटाने तपासणी पहिल्याच भेटीत होते, लाजू नका. पुढे लागलं तर खारघरला अॅक्ट्रेक आहे, टाटाचंच, नवी मुंबईवाल्यांना दर वेळी परळ गाठायची गरज नसते.

तसंच घरात आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल तर ४० व्या वर्षी, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या १० वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी सुरू करतात. पिढ्यान् पिढ्या चालणारे लिंच सिंड्रोम आणि एफएपी असे दोन आजार आहेत, त्यात तर फारच लवकर आणि वारंवार करतात. माझ्या मते आपल्या भागात स्क्रीनिंगवर पैसे खर्च करायचे तर आधी या घरांवर करावेत. आत्याला काय झालं होतं, काका कशाने गेले, हे विचारायला एक पैसा लागत नाही, फक्त आपल्याकडे 'पोटाचं काहीतरी होतं' यापुढे कुणी सांगत नाही ही पंचाईत.

शौचाच्या टेस्टने भागणार नाही का? एवढी मोठी तपासणी कशाला?

भागू शकतं, आणि साध्या जोखमीच्या माणसाला हा चांगला पर्याय आहे. फिट नावाची टेस्ट, शौचातलं न दिसणारं माणसाचं रक्त शोधते, पथ्य लागत नाही. स्पेनमध्ये ५७ हजारांवर लोकांची ट्रायल झाली, एका गटाला एक कोलोनोस्कोपी, दुसऱ्याला दर दोन वर्षांनी फिट. १० वर्षांनी आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू ०.२२ आणि ०.२४ टक्के, म्हणजे जवळपास सारखे, आणि फिटला लोक जास्त आले, ४० टक्के विरुद्ध ३२. २०२५ मध्ये हे छापून आलं.

दोन गोष्टी सांभाळा. लॅबमध्ये जुनी ऑकल्ट ब्लड टेस्ट नव्हे, फिटच आहे ना ते विचारा. आणि पॉझिटिव्ह आली तर 'पुन्हा एकदा करून बघू' नाही, कोलोनोस्कोपीच करायची, नाहीतर पहिली टेस्ट केलीच कशाला.

धोका किती?

अमेरिकेच्या आकड्यांप्रमाणे दर १०,००० स्क्रीनिंग कोलोनोस्कोपीमागे आतड्याला भोक पडणं साधारण ३ आणि मोठा रक्तस्राव साधारण १५, रक्तस्राव जास्त करून पॉलिप काढल्यावर. वय वाढलं की धोका वाढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंट असलेल्यांनी तर अजिबात नाही.

पोट साफ करायचं पाणी पिववत नाही, थोडं राहिलं तर चालेल का?

नाही चालणार! वरचा फायदा मिळायला आतडं स्वच्छ हवं. घाण राहिली की पॉलिप दिसत नाही आणि रिपोर्टवर नॉर्मल लिहून येतं, याहून वाईट काय. पावडरचं पाणी अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या चार-सहा तास आधी असं घेतलं तर साफही जास्त होतं आणि मळमळही कमी. थंड करून प्या. आदल्या दिवशी वरणाचं वरचं पाणी, नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत चालतं, पण कोकम सरबत नको, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. दोन-तीन दिवस आधीपासून पेरू, टोमॅटो, भेंडी, तीळ बंद, बिया दुर्बिणीत अडकतात. लोहाची गोळी आठवडाभर आधी थांबवतात. आणि दुसरा डोस पिऊन पनवेलहून हार्बर लोकल पकडायचा विचार करू नका, हॉस्पिटलच्या जवळ कुणाकडे तरी रात्री राहा किंवा दुपारची वेळ घ्या. भूल देतात म्हणून येताना सोबत माणूस हवाच, गाडी तुम्ही चालवायची नाही.

डॉक्टर चांगला हे कसं ओळखायचं?

पॉलिप शोधायचं प्रमाण डॉक्टरागणिक वेगळं असतं आणि त्याने खरोखर फरक पडतो. अमेरिकेत २०१४ च्या अभ्यासात डॉक्टरचं अॅडिनोमा सापडण्याचं प्रमाण १ टक्क्याने वाढलं की त्याच्या पेशंटचा पुढचा कॅन्सरचा धोका ३ टक्क्यांनी कमी दिसला. इथे पॉलिपच कमी असतात म्हणून तिकडचे कट-ऑफ जसेच्या तसे लावू नका. रिपोर्टवर बघा, दुर्बीण सीकमपर्यंत म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचली का, त्याचा फोटो आहे का, पोट किती साफ होतं ते लिहिलंय का. दुर्बीण बाहेर काढताना निदान ६ ते ८ मिनिटं तरी बघत बघत काढावी असा नियम आहे, तोही वेळ काही ठिकाणी लिहितात.

एक छोटा पॉलिप निघाला. आता दरवर्षी करायची का?

नाही. एक-दोन छोटे अॅडिनोमा, १० मिलीमीटरच्या आतले, असतील तर ७ ते १० वर्षांनी. तीन-चार असतील तर ३ ते ५. मोठा असेल, पाच ते दहा असतील किंवा बायोप्सीत वाईट प्रकार आला तर ३ वर्षांनी. बायोप्सीचा कागद फाइलला लावून ठेवा, पुढची तारीख त्यावरच ठरते.

आजी ८२ च्या आहेत, पॅकेजमध्ये फ्री मिळतेय. करून टाकू का?

त्रास नसेल तर नको. ७५ नंतर माणूस बघून ठरवतात आणि ८५ नंतर स्क्रीनिंग करतच नाहीत. आज काढलेल्या पॉलिपचा फायदा १० वर्षांनी मिळणार आणि पोट साफ करताना येणारा अशक्तपणा, रात्री बाथरूमला जाताना पडणं, भूल, हे सगळं आजच. त्यांची साखर, बीपी, डोळे बघून घ्या, आणि रक्त जातंय असं त्या म्हणाल्या तर मात्र पॅकेजची वाट न बघता दाखवा.